बावीस पॉइंट चार

गावंडे सर वर्गात आले की फळ्यावर थाप मारायचे आणि आम्ही सगळे ओरडायचो, "बावीस पॉइंट चार!" अमरावतीच्या राजापेठेत चपलांच्या दुकानावर भरणाऱ्या त्या क्लासमध्ये रसायनशास्त्र म्हणून शिकवलं जायचं ते एवढंच. वायूचं गणित आलं की मोल काढा, बावीस पॉइंट चारनं गुणा, लिटर तयार. "डोकं नका लावू, गुणाकार लावा," असं वर अभिमानानं सांगायचे.

एकदा त्यांनी गणित घातलं. दहा ग्रॅम चुनखडी पूर्ण तापवली, तर निघालेला कार्बन डायऑक्साइड सत्तावीस अंशांना, नेहमीच्या हवेच्या दाबाला किती जागा व्यापेल? उत्तरही स्वतःच लिहिलं, दोन पॉइंट चोवीस लिटर.

मी उठले. "सर, बावीस पॉइंट चार शून्य अंशाले असते ना? सत्तावीसले गॅस फुगन, जास्त भरन."

"कुठची तू?"

"तिवस्याची."

"मंग तिवस्याले जाऊन फुगव! मले शिकवून राहिली का? निघ भाईर!"

वर्ग खिदळला. बाहेर जिन्यात बसून मी गणित सोडवलं. उत्तर आलं जवळजवळ अडीच लिटर. पुन्हा त्या क्लासची पायरी चढले नाही. घरीच पाठ्यपुस्तक घेऊन बसले.

परीक्षेत नेमकं तसंच गणित आलं. क्लासची मुलं रडत सरांकडे गेली, तर हे म्हणाले, "पेपर काढणाऱ्यालेच अक्कल नाही!" निकालानंतर त्यांच्या फलकावर माझा फोटो झळकला. मला विचारायची गरज त्यांना वाटली नव्हती.

आता मी अकोल्याच्या कॉलेजात शिकवते. परवा अकोला स्टेशनवर मागच्या बाकावरून तोच आवाज आला. गावंडे सर एका गृहस्थांना सांगत होते, "तिवस्याची एक पोरगी होती, पार ढ. मीच घडवली. आज प्रोफेसर हाय! तुमच्या पोरीले पाठवा, भाऊ."

मी वळून म्हणाले, "ती मीच. यांनी मला वर्गाबाहेर काढलं होतं. जे शिकले ते घरी शिकले."

वाटलं, आता तरी चेहरा पडेल. सर खुशीत उठले. "पाहा! बाहेर काढली म्हणून जिद्द आली. दुसरा मास्तर असता तर लाड करत बसला असता."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि मग सरांना हात जोडले. तेवढ्यात अमरावतीची गाडी लागली. सरांनी त्या गृहस्थांची बॅग स्वतःच उचलली, आणि दोघं बोलत बोलत एकाच डब्यात चढले.