केसांवरचा रुमाल

"अहो, एवढा मोठा अंबाडा घालून आलात, तर तुम्हाला आजारी कोण म्हणेल?"

कर्वेनगरच्या त्या मदत संस्थेतल्या बाईंनी माझा अर्ज न वाचताच विचारलं. मी ओशाळून हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

कॅन्सर होऊन बारा वर्षं झाली होती. जगले, हे खरं. पण बगलेतल्या गाठी काढल्या तेव्हापासून उजवा हात सुजायचा. मी लोकांकडे पोळ्या करायचे. हाताने दगा दिला आणि एकेक घर सुटत गेलं. मग मुलीचं कॉलेज सुटलं. बरं झाल्यावर जगायचं कसं, हे लिहायला अर्जात जागाच नव्हती.

"मदतवाटपाच्या कार्यक्रमाला डोक्याला रुमाल बांधून या," बाई म्हणाल्या. "देणगीदारांना पटायला हवं."

मी बांधला. वारज्याच्या आमच्या खोलीत मुलीनेच आरसा धरला.

सभागृहात शेजारी एक तरुण बाई बसली होती. तिच्याही डोक्याला रुमाल. पण तिच्या भुवयासुद्धा गेलेल्या. तिने हळूच विचारलं, "ताई, तुमची कितवी केमो?"

"चौथी," मी म्हणाले.

निघून गेलं तोंडातून. तिने पर्समधली आवळासुपारी काढली आणि अर्धी माझ्या तळहातावर ठेवली. मळमळीवर बरी पडते म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षं जगता येतं, हे मी त्या पोरीला सांगू शकले असते. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेच मी झाकून बसले होते.

माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले आणि रुमाल सोडला. चापून बसवलेले केस पाठीवर आले. बाही वर केली.

"मी आजारी नाही. बारा वर्षांपूर्वी बरी झाले. या हाताने पोळ्या लाटता येत नाहीत, म्हणून मदत मागतेय."

टाळी कुणीच वाजवली नाही. मदतीचं पाकीट बाईंच्याच हातात राहिलं. खाली येऊन मी त्या पोरीची माफी मागितली. ती माझ्या केसांकडे बघत राहिली. रुमाल संस्थेने सांगितला होता, पण 'चौथी' मी म्हणाले होते. तो गुन्हा माझा.

अर्ज मी अजूनही दर वर्षी करते. अंबाडा घालून जाते, सुजलेला हात बाईंच्या टेबलावर ठेवते. पाकीट मिळो न मिळो, मरायला टेकल्याचं सोंग मी पुन्हा करणार नाही.