मुक्याला दिलेलं आवतण

अमिरातीतल्या फुजैरात दर शुक्रवारी कॉर्निशजवळच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याजवळच्या मैदानात बैलांची झुंज लागते, हे इथे येऊन चार वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं. मी एका शिपिंग एजन्सीत कागदपत्रं बघते. टँकर कधी लागला, कधी सुटला, याच्या पलीकडे बघायला सवड नसते. माझा नवरा सतीश म्हणतो, तुझं अर्धं आयुष्य लोकांच्या चौकशा करण्यात जातं. खरं आहे ते, पण माझी चौकशी तोवर बैलांपर्यंत पोचली नव्हती.

पहिल्यांदा गेलो तेव्हा लोक कुंपणाला लागून गाड्या उभ्या करून बॉनेटवर बसले होते. आत दोन अजस्र बैल कपाळाला कपाळ भिडवून उभे, आणि प्रत्येकाच्या गळ्यातला लांब दोर चार-पाच माणसांच्या हातात. बैलावर कुणी बसत नाही, बैलाला कुणी मारत नाही. जो मागे सरला किंवा वळला तो हरला, संपलं. मी ‘मग यात पाहायचं काय’ असं म्हणेपर्यंत एक काळा बैल शांतपणे वळला आणि घरी निघाल्यासारखा चालायला लागला. लोक हसले. तेवढ्यात त्या अरबी-उर्दूच्या कालव्यात मला ऐकू आलं, “हो बाप्पा, हो. झालं, झालं.”

मी जवळजवळ कुंपणावर चढले. एक काटकुळा माणूस त्या हरलेल्या बैलाचं नाक स्वतःच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसत होता.

“तुम्ही मराठी?” मी ओरडले.

“हो. अन् तुमी?” तो म्हणाला, आणि पुन्हा नाक पुसायला लागला.

हा रामेश्वर. यवतमाळकडचा, वय सेहेचाळीस. हम्माद नावाच्या एका अमिराती गृहस्थांच्या खजुराच्या बागेत सात बैल आहेत, त्यांना सांभाळतो. त्यानंतर मी सतीशला दर शुक्रवारी मैदानावर आणि अधूनमधून त्या बागेत न्यायला लावलं. रामेश्वर फार बोलणारा नाही. पण मी हात धुऊन मागे लागले की माणसाला शेवटी बोलावंच लागतं.

बैल खातात काय, हा माझा पहिला प्रश्न होता. खजूर, तूप, मध आणि सुके मासे, असं त्याने सांगितलं. “मासे?” मी विचारलं. “मले बी पहिल्यांदा पटलं नाही ताई. आपल्याकडं बैलाले कोणी मासळी चारली तर गाव वाळीत टाकीन.” मध किलोला साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये. आमच्या घरी मध चमच्याने मोजून वाढतात.

दुसरा प्रश्न मी विचारला नव्हता, त्याचं उत्तर आपणहून आलं. रामेश्वरकडे काठी नव्हती. बाकी सगळ्या राखणदारांच्या हातात होती, याच्या हातात दुपट्टा.

तो मामाकडे वाढला होता. मामा, रामचंद्र, शंकरपटाचा नादी. पट म्हणजे बैलजोडीची शर्यत, हलक्या छकड्याला जुंपून, आठ-नऊ सेकंदांत सगळा निकाल. छकडा हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात, आणि धुरकरी जितका हलका तितकी जोडी सुसाट. अकरा वर्षांचा रामेश्वर अठ्ठावीस किलोंचा होता. मामा त्याला पोती तोलायच्या काट्यावर उभा करून वजन बघत असे, आणि सव्वा किलो वाढलं तर मामीला बोलणी बसत. लग्नसराईत लोक नावाजलेला आचारी मागायला येतात, तसे पटाच्या मोसमात गावोगावचे लोक या पोराला मागायला येत.

“भीती नाही वाटायची?”

“वाटे ना. पण दानीवर, पटाच्या वाटेवर, जोडी सुटली की डोकं बंद होऊन जाय. खाली नुसती माती पळते.” हे सांगताना तो अकरा वर्षांचा दिसला, मी खोटं नाही सांगत.

त्याच्या हातात तेव्हा तुतारी असायची. वाजवायची नव्हे, टोचायची, टोकाला खिळा ठोकलेली काठी. तेराव्या वर्षी एका पटात मामाच्या जोडीतला वारू नावाचा बैल दमलेला होता. दोन फेऱ्या झाल्या होत्या, तो तिसरीला उभा राहायला तयार नव्हता. रामेश्वरलाही ते कळलं होतं, कारण वारूला तोच चारा घालत असे, तोच धूत असे. पण गाव बघत होतं. त्याने तुतारी टोचली, एकदा नाही, सारखी. जोडी पहिली आली. गावाने पोराला खांद्यावर घेतलं.

“दुसऱ्या दिवशी मी वैरण घेऊन गेलो, तर त्यानं तोंड फिरवलं. मामाच्या हातचं खाय, मामीच्या हातचं खाय. मी समोर गेलो की भिंतीकडं पाहे. महिनाभर. मग मामानं विकला त्याले.” दुपट्टा झटकून तो म्हणाला, “मी कोणाजवळ बोललो नाही हे. तुमी लय खोदता.”

पुढे तो कधी छकड्यावर बसला नाही. वेल्डिंग शिकला, मुसफ्फा या इथल्या कारखान्यांच्या वस्तीत आला, अकरा वर्षं कॅम्प, कंपनीची बस आणि खिडक्यांच्या जाळ्या. एकदा त्याच्या वर्कशॉपला फुजैराचं काम मिळालं. हम्मादचा एक बैल पळून गेला होता, आणि मग त्यांना गोठ्याला लोखंडी फाटक लावायचं सुचलं होतं. बैल गेला आणि झोपा केला, ही गोष्ट अरबस्तानातही चालते. जुनं फाटक काढलेलं असताना दुसरा बैल बाहेर निघाला. माणसं खजुराच्या झाडांवर चढली. रामेश्वर वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलून “हो बाप्पा, हो” करत पुढे गेला, आणि बैलाची वेसण धरून त्याला आत घेऊन आला. हम्मादने महिन्याभरात त्याचा व्हिसा बदलून त्याला बैलांसाठी ठेवून घेतलं.

आता त्या काळ्या बैलाचं. आई व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी मेली. वासरू जगणार नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. रामेश्वरने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. ते कधी हंबरलं नाही म्हणून त्याने नाव ठेवलं मुक्या. हम्मादने ठेवलं रअद, म्हणजे मेघगर्जना. बैल दोन्ही नावांना कान हलवी, पण चालत येई एकाच हाकेला.

मुक्या टनभर वजनाचा झाला, पण त्याला भांडायचं कारणच कळत नव्हतं. समोरच्याला हुंगायचा आणि वळायचा. मी पाहिली ती त्याची दुसरी हार. हम्मादने स्पष्ट सांगितलं होतं, “तीसरी बार हारा तो खलास.” म्हणजे कसायाचा ट्रक. बागेतला दुसरा राखणदार अबरार, मुलतानकडचा, मनाने चांगला माणूस, म्हणाला, “भाई, उतारने से पहले चार बार सुई चुभो दे. जानवर बच जाएगा.” रामेश्वरने मान हलवून नकार दिला. मला अबरारचं पटलं होतं. चार सुया की सुरी, यात विचार कसला करायचा? तसं मी बोलूनही दाखवलं. रामेश्वर उठून बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

ऑगस्टमध्ये एका गुरुवारी मी हळद घेऊन बागेत गेले. दुसऱ्या दिवशी पोळा होता. मी नाशिक शहरात वाढले, माझा पोळा म्हणजे पाटावरचे मातीचे बैल. खरा कसा असतो ते मला बघायचं होतं. रामेश्वरने तुपात हळद कालवून गरम केली आणि सातही बैलांच्या मानेवर, खांद्यावर, कपाळावर सावकाश चोळली. याला खांदशेकणी म्हणतात.

“पण यांनी कुठे नांगर ओढलाय?”

“यायनं नाही. यायच्या जातीनं ओढला ना.”

मग एकेकाच्या कानाशी जाऊन तो म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मुक्याच्या कानाशी जरा जास्त वेळ थांबला. आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी बैल पाहुणा. त्याच्या अंगाला काठी लागत नाही, त्याला कामाला लावत नाहीत. वर्षातला तेवढा एक दिवस.

तो हात पुसत होता तोच हम्मादचा फोन आला. उद्याच्या झुंजीतला कुणाचा तरी बैल आजारी पडला होता, जागा रिकामी होती, रअदला आणायचं. रामेश्वर तीनदा “जी अरबाब”, म्हणजे ‘हो मालक’, म्हणाला.

“सांगा ना त्यांना,” मी म्हटलं.

“काय सांगू ताई? बैलाले जेवाले बोलावलं म्हणून?” त्याचा चेहरा पडला होता. मला त्याचा राग आला, आणि घरी जाताना स्वतःचाही. मीही बॉसला जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही.

शुक्रवारी मी पहाटे उठून एकवीस पुरणपोळ्या केल्या. उन्हामुळे झुंज मावळतीला होती. मुक्या आत आला आणि पंच, एक पांढऱ्या दाढीचे आजोबा, रिवाजाप्रमाणे त्याच्या कपाळावरून हात फिरवायला गेले. हात पिवळा झाला. त्यांनी वास घेतला, आणि समोरच्या पक्षाने आरडाओरडा सुरू केला. कपाळाला तेल-तूप लावलं की समोरच्या बैलाचं डोकं निसटतं, म्हणून ती इथे सरळसरळ लबाडी. रामेश्वरच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. हम्माद लालबुंद झाले. पंचांनी बादली आणि साबण मागवला. धुऊन काढा, मग लढू द्या.

“यल्ला, धो डालो,” हम्माद म्हणाले.

रामेश्वरने स्पंज घेतला, भिजवला, मुक्याच्या कपाळापर्यंत नेला. मी कुंपणाशी उभी होते. त्याने स्पंज परत बादलीत टाकला.

“अरबाब, आज नहीं होगा.”

“क्यों?”

“कल मैंने इसको खाने पे बुलाया. आज ये मेहमान है.”

कुणीतरी त्याचं अरबी करून मोठ्याने सांगितलं. बॉनेटवरची माणसं खो-खो हसली. पंच हसले नाहीत. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, “किस के घर का मेहमान?”

रामेश्वर गोंधळला. त्याचं घर कुठलं इथे? गोठ्याला लागून एक पत्र्याची खोली. “अरबाब के घर का,” तो म्हणाला. “मेरा इधर घर नहीं है.”

सगळं फुजैरा हम्मादकडे बघत होतं. ही रामेश्वरची हुशारी होती की भाबडेपणा, यावर मी आणि सतीश आजही भांडतो. हम्मादांनी डोक्यावरचा गुत्रा, तो अरबी रुमाल, नीट केला, पंचांशी हळू आवाजात दोन वाक्यं बोलले आणि रामेश्वरकडे न बघता म्हणाले, “मेहमान तीन दिन का होता है. गाड़ी में डालो.”

हार नोंदवली गेली. तिसरी. मी पोळ्यांचा डबा रामेश्वरच्या हातात दिला. सतीशची ड्युटी होती, आम्हाला थांबता आलं नाही.

ते तीन दिवस मी ऑफिसात दोन जहाजांचे कागद एकमेकांत मिसळले. फोन केला तर तो उचलत नव्हता. तीन दिवसांनंतर काय, हे त्यालाही माहीत नसणार, हे मला कळत होतं. सोमवारी सुटल्यावर सरळ बागेत गेले. दारात ट्रक उभा होता. पण ट्रकमधून अबरार कडब्याचे गठ्ठे उतरवत होता.

रामेश्वर मागच्या बाजूला होता, जिथे वासरं बांधतात. हम्माद सकाळी येऊन निर्णय सांगून गेले होते. झुंजीचे सहाही बैल आता अबरारकडे. रामेश्वरने फक्त वासरं वाढवायची. पगार कमी. शुक्रवारी मैदानात यायचं नाही. रअद कायमचा झुंजीतून बाद, राहील तर वासरांत राहील.

“पण कसायाकडे पाठवला कसा नाही?” मी विचारलं.

“पाहुण्याले घरातून कसायाकडं कसं पाठवायचं, असं अरबाबची बायको बोलली म्हणे. तिनंच ऐकवलं त्यायले.”

मला एकाच वेळी आनंद आणि भयंकर वाईट वाटलं. सात बैलांचा माणूस वासरांच्या बाटल्या धूत होता. मी विचारलं, “पश्चात्ताप होतोय का?” असले प्रश्न मीच विचारू शकते.

तो खोलीत गेला आणि माझा डबा घेऊन आला. घासूनपुसून लख्ख केलेला, रिकामा. मुक्या कुंपणाशी उभा होता, कपाळ अजून पिवळट.

“सगळ्या याने खाल्ल्या?” मी विचारलं. “ताटात वाढल्या?”

“ताटात वाढल्या तर हुंगून उभा राहिला,” रामेश्वर म्हणाला. “मग हातानं चारल्या. एकवीसच्या एकवीस.” त्याने दुपट्ट्याने डोळे पुसले, लपवले नाहीत. “तोंड नाही फिरवलं, ताई.”