सोनोग्राफीच्या खोलीत दोनदा

माझा नवरा तसा हुशार माणूस. डेट्रॉइटजवळ नोव्हायमध्ये आम्ही नवे नवे राहायला गेलो तेव्हा तो गाड्यांच्या ब्रेकवर काम करायचा आणि मीटिंगमध्ये अमेरिकन मॅनेजरशी बिनधास्त वाद घालायचा. पण माझ्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला एका बाईंनी साधा प्रश्न विचारला आणि या माणसाची अक्कल गहाण पडली. दातखीळ बसली असती तरी चाललं असतं. तो बोलला, हीच पंचाईत झाली.

झालं असं, की मी टेबलावर आडवी होते. पोटावर लावायचा जेल त्यांनी आधी कोमट करून ठेवला होता, त्याचंच मला केवढं कौतुक वाटत होतं. मशीन चालवणाऱ्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या आणि हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या. हे हृदय, हा मणका, ही पावलं, असं एकेक दाखवत होत्या. पावलं दिसल्यावर मी हसायला लागले तर पोट हलून चित्रच गायब झालं, आणि बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "डू यू वॉन्ट टू नो व्हॉट यू आर हॅविंग?"

मी तोंड उघडेपर्यंत नवरा खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला होता.

"नो, नो मॅम. वी डोन्ट आस्क दॅट."

बाई म्हणाल्या, सरप्राइज हवंय का, छान. त्यांनी मशीनचा पडदा जरासा पलीकडे वळवला, पुढची मापं घेतली, माझं पोट पुसलं आणि बाळाच्या नाकाडाचा एक फोटो हातात दिला. मी इतकी चकित झाले होते, की थँक यू म्हणून बाहेर आले. गाडीत बसून पट्टा लावेपर्यंत मला वाचा फुटली नाही. मग मात्र फुटली.

"तू नो का म्हणालास?"

"अगं, विचारायचं नसतं ना."

"कुठे?"

"सोनोग्राफीत." एवढं म्हणून त्याने गाडीला किल्ली लावली. मग हळूच म्हणाला, "शिट यार. इथे चालतं, नाही का?"

त्याला तरी किती बोलणार? आपल्याकडे दवाखान्यात शिरलं की आधी ती पाटी दिसते. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ती पाटी का लावावी लागली हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. नवऱ्याच्या बहिणीच्या बाळंतपणात त्याने त्या पाटीखाली तासन् तास काढले होते. त्यात आम्ही व्हिसावरची माणसं, पोलिसांची गाडी मागे दिसली तरी स्टिअरिंगवरचे हात घट्ट करणारी. त्याला वाटलं, बाई आपली परीक्षाच घेतायत. "मला वाटलं, हो म्हटलं तर कुठेतरी रिपोर्ट करतील," तो म्हणाला. मला हसूही येत होतं आणि रागाने रडूही येत होतं.

कारण मुलगा की मुलगी, ते मला कळायला हवंच होतं. का, ते सांगते.

मी घरातली तिसरी मुलगी. माझ्या वेळी आमच्या आजोबांची इतकी खात्री होती, की मी जन्मायच्या आदल्याच दिवशी त्यांनी साताऱ्यातल्या नेहमीच्या दुकानात पेढे सांगून ठेवले होते. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, ही आमच्याकडची पद्धत. मी आले. पेढे कॅन्सल केले. बर्फीचं कुणाला सुचलं नाही. दर दिवाळीला मावशी हा किस्सा रंगवून सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे, मीसुद्धा. माझे लाड काही कमी झाले नाहीत, आजोबांनी तर सगळ्यात जास्त केले. फक्त आई त्या किश्श्याला कधी हसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात जायची.

मला मुलगा चालणार होता, मुलगी चालणार होती. पण नऊ महिने सगळे दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत बसलेत आणि आपण आलोय, असं माझ्या बाळाचं व्हायला नको होतं. जे कोण येणार आहे, त्याचीच वाट बघायची होती. तीही आजपासून.

हे मी गाडीत पहिल्यांदाच नवऱ्याला धडपणे सांगितलं. पेढ्यांचा किस्सा त्याने ऐकला होता, तोही हसला होता. आता त्याने किल्ली काढली, पट्टा सोडला आणि म्हणाला, "चल. मी बोलतो त्यांच्याशी."

बोलला म्हणजे काय, व्याख्यानच दिलं. काउंटरवरच्या मुलीला भारतातला कायदा समजावला, पाटी समजावली, आपण कसे कायदा पाळणारे लोक आहोत तेही समजावलं. बिचारीला काहीच कळेना. तिने आतून त्या बाईंनाच बोलावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "हनी, यू आर नॉट इन ट्रबल." पुढच्या पेशंटला अजून अवकाश होता, तेवढ्यात या म्हणाल्या.

पुन्हा तेच टेबल, तोच कोमट जेल. बाळ पाय दुमडून बसलं होतं. बाईंनी मला कुशीवर वळवलं, पोटाला हलके धक्के दिले, आणि बऱ्याच मनधरणीनंतर ते सरकलं. बाईंनी काही न बोलता पडद्यावर टाइप केलं. गर्ल.

इतका आनंद मला झेपेल असं वाटलं नव्हतं. मुलगा चालेल वगैरे सगळं खरं होतं, पण त्या क्षणी मला हीच हवी होती. नवरा "आर यू शुअर, आर यू शुअर" करत डोळे पुसत होता.

घरी येऊन कॉलिंग कार्डाचे ते लांबलचक आकडे दाबले. आईकडे रात्रीची जेवणं नुकतीच उरकली होती.

"आई, मुलगी आहे."

"हळू बोल गं," आई कुजबुजली. "फोनवर सांगतात का असलं?"

"आई, इथे गुन्हा नाहीये."

"बोलतेस तू तिकडून. ऐकतेय मी इथे."

आणि तिने जेवलीस का, झोप लागते का, असं विचारून दोन मिनिटांत फोन ठेवून दिला. सकाळपासूनच्या आनंदाला कुठेतरी टाचणी लागली. नवरा म्हणाला, घाबरल्या असतील, माझ्यासारख्याच. मी हो म्हटलं, पण मला ते पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पुन्हा फोन लावला. आईला धाप लागली होती.

"आत्ता जिने उतरून आले. सगळ्या सोसायटीत पेढे वाटले."

"पेढे? काय सांगितलंस लोकांना?"

"काय सांगणार? म्हटलं, असंच. आवडतात म्हणून." आणि पुढे म्हणाली, "आजोबांच्या त्याच नेहमीच्या दुकानातून आणले. प्रत्येकाला दोन दोन दिले."

"दोन दोन कशाला?"

"एक तिचा," आई म्हणाली. या वेळी ती कुजबुजत नव्हती. "आणि एक तुझा. राहिला होता."