लग्नांपासून वाचलेलं नाट्यगृह

आमच्या रत्नागिरीतलं जुनं नाट्यगृह बंद पडलं तेव्हा मी चाळिशीत होते. दुरुस्त होऊन उघडलं तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले होते. मधल्या काळात आमच्या हौशी मंडळाने मंगल कार्यालयाच्या माडीवर नाटकं केली. खाली पंगत चालू असायची. मी वर रंगात येऊन मरायला टेकले, की खालून हमखास कुणीतरी "मठ्ठा आणा, मठ्ठा!" ओरडायचं.

दुरुस्ती झाली खरी, पण नाट्यगृह चालवणाऱ्या समितीतल्या निम्म्या लोकांना ते लग्नांनाच द्यायचं होतं. अध्यक्ष मला म्हणाले, "वहिनी, हल्ली मालिका सोडून नाटकाला येतंय कोण?"

माझा पारा चढला. म्हटलं, "पहिला प्रयोग आम्हाला द्या. नाही भरलं तर खुशाल लग्नं लावा, मी अक्षता टाकायला येईन!" बोलून बसले खरी.

मग तालीम संपली की घरी न जाता आम्ही आमंत्रणं करत फिरलो. लांज्याच्या एसटी स्टँडवर उभे राहिलो, मासळी बाजार पालथा घातला. तिथली एक मासेवाली म्हणाली, "माज्या पाटीवर तू बसशील तं येते नाटकाला." मी सरळ तिच्या जागी बसून मासे विकायला लागले. ती हसून हसून बेजार झाली.

प्रयोगाआधी पडद्याच्या फटीतून डोकावणं आमच्याकडे अशुभ मानतात. त्यामुळे किती माणसं आलीत, कळायला मार्ग नव्हता. दुसरी घंटा झाली तसा पलीकडचा गलका एकदम थांबला. माणसं गप्प झाली की उठून गेली?

तिसऱ्या घंटेआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्या नटांनी होकार द्यायचा. त्या दिवशी मान माझा होता. होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय नाटकाचा घाट घातलाय, तो सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

आमची मंडळी तोंड उघडायच्या आत पडद्यापलीकडून अख्खं नाट्यगृह गरजलं, "व्हय म्हाराजा!"

डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं. उतरू दे! अध्यक्षांची खुर्ची पहिल्या रांगेत राखलेली असते हे मला ठाऊक होतं. मी पदर खोचला आणि पुन्हा हात जोडले.

"आणि हितं जो कोन लग्नं लावाया निघाला आसंल, त्याला सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

पहिल्याहून मोठ्याने आलं, "व्हय म्हाराजा!"