छावणीवरची भट्टी

त्या दुष्काळात सिरसाळ्याच्या अलीकडच्या माळावर दूध संस्थेने जनावरांची छावणी उघडली आणि तिथल्या भट्टीवर माझी नेमणूक झाली. भट्टी म्हणजे दोन चाकांवरची लोखंडी पेटी. ट्रॅक्टरमागे जोडून आणलेली, डिझेलवर चालणारी, वर बुटकं धुराडं. माळाला वीतभर खाली खडक लागायचा, त्यामुळे खड्डा घेता येत नव्हता. वरवर पुरलेलं कुत्री दुसऱ्या दिवशी उकरून काढायची. म्हणून सुया, सलाइनच्या बाटल्या, पेंडीची फाटकी पोती, व्यालेल्या गाईंची वार, मेलेली वासरं, सगळं त्या पेटीत जायचं. कंपनीच्या माणसाने मला तापमानाचा काटा, पंखा आणि राखेचा कप्पा दाखवला आणि तो निघून गेला. मी आयटीआय झालेला. मशीन एका दिवसात कळलं.

पहिलं वासरू मेलं तेव्हा संस्थेचे सचिव म्हणाले, "जा बे, वडून आण."

"साहेब, मी मशीन चालवायला आलोय. मेलेलं जनावर वडणार न्हाई."

ते हसले. "कावून? तुमच्याकडं तर…" वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं. त्यावर गावाने त्यांना कामावर बोलावणं बंद केलं. उपाशी राहिले, पण पुन्हा दोराला हात लावला नाही. हे ऐकतच मी वाढलो होतो. नोकरी गेली तरी चालेल, असं ठरवूनच मी बोललो होतो. पण भट्टी चालवणारा दुसरा कुणी नव्हता. सचिवांनी फळ्यावर नियम लिहिला: ज्याचं जनावर, त्यानेच भट्टीपर्यंत आणायचं. मला फार बरं वाटलं.

पुढे छावणीत लाळ-खुरकूत रोगाची साथ आली. सगळ्यात वरच्या टोकाला आमच्याच गावच्या एका मेंढपाळ घरातली म्हातारी राहायची. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. तिच्याकडे एक गाय आणि एक कालवड. मला ती 'बाबा' म्हणायची. एका दुपारी तिची कालवड गेली. भट्टी होती खालच्या टोकाला, मध्ये सगळी छावणी.

तिने मागच्या पायांना कासरा बांधला आणि ओढायला लागली. दोन पावलं सरकली की थांबायची. दोन्ही बाजूंना माणसं आपापल्या जनावरांपुढे उभी होती. रोगी जनावराला हात लावून तोच हात आपल्या गाईला कोण लावणार? कुणी पुढे आलं नाही. एकाने तर आपल्या दावणीपुढून नेऊ नको म्हणून तिला दगडगोट्यांतून वळसा घ्यायला लावला.

मला राहवलं नाही. मी भट्टी सोडून चढ चढून गेलो. कासऱ्याला हात घालणार, तेवढ्यात ती धापा टाकत म्हणाली, "आलास व्हय बाबा? वड. तुज्या आजानं माज्या सासऱ्याचा बैल एकट्यानं वडला होता. आमी त्येला भाकरी दिलत्या."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती आठवण सांगत होती. पण बाजूचे दोघं हसले. मी हात मागे घेतला.

"नियम हाय, आजी," मी म्हणालो. "ज्याचं त्यानंच आणायचं."

तिने कासरा हाताला गुंडाळून घेतला. मग पुन्हा ओढायला लागली. मी तिच्या पुढे चालत खाली आलो.

भट्टीचं तोंड लहान होतं. तिने फळीवरून लोटत कालवडीचं धड आत घातलं, ताठरलेले मागचे पाय बाहेर राहिले. झाकण लागेना.

"असं कसं बसंल रे?" तिने विचारलं.

"पाय मोडावे लागतील."

मी हे एखादा नट सैल करायला सांगावं तसं सांगितलं. तिने गुडघा टेकवला, सगळा भार दिला. पहिला पाय मोडल्याचा आवाज आला तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. दुसरा तिने बराच वेळ मोडला नाही. मी घड्याळात बघितलं. मग तोही मोडला. मी झाकण लावून पंखा सुरू केला.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "बरं केलंस." आई ताटात भाकरी टाकून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

आठवडा गेला नाही तोच म्हातारीची गायही गेली. यावेळी मी आधीच वर जाऊन थांबलो. म्हणालो, "आजी, हात लावतो मी."

"नगं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघताच तिने कासरा कमरेभोवती गुंडाळला.

गाय सुकून काटकी झाली होती, तरी गायच ती. तिला अख्खी दुपार लागली. मी दोन वेळा पुन्हा विचारलं. एकदा दोराला हात लावला, तर तिने तो झिडकारून सोडवला. गाय पेटीत मावणारच नव्हती. सचिवांनी कुऱ्हाड पाठवली. ती तिने खाली ठेवली, गाईच्या कानातला बिल्ला तेवढा काढला, जाऊन सचिवांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तुमी बघा."

सचिवांनी बिल्ला घेतला, वहीतलं तिचं नाव खोडलं. जनावर नाही तर छावणीत जागा नाही, असा हिशोब होता. दिवस मावळायच्या आत पाल मोकळं करायला सांगितलं. तिने पटकूर आणि पातेलं बांधलं आणि ज्या वाटेने गाय ओढत आणली होती, त्याच वाटेने वर निघून गेली.

गाय दोन दिवस भट्टीशेजारी पडून राहिली. तिसऱ्या दिवशी वास सगळ्यांना असह्य झाला. तेव्हा कुऱ्हाड मीच उचलली.