धोंड्याचा जावई

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूध उतू गेलं तर मी आधी गॅस बंद करत नाही, शेगडीजवळ कोण उभं होतं ते बघते. त्यामुळे नवऱ्यापासून वेगळी झालेली माझी धाकटी बहीण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एका माणसासोबत लग्नाशिवाय राहायला लागली, तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला.

वर्षभर मी त्या माणसावर पाळत ठेवली. आमचा भाजीचा मळा शहराच्या कडेलाच, त्यामुळे निमित्ताला तोटा नव्हता. मेथीच्या चार जुड्या पिशवीत घालायच्या आणि न कळवता जाऊन बेल वाजवायची. दार उघडायला किती वेळ लागतो, त्याकडे कान. तो एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, बोलायला गोड, चहासुद्धा स्वतः करून द्यायचा. अति गोड माणूस मला पचत नाही. त्याची पहिली बायको का गेली, तो फोन पालथा का ठेवतो, बहीण कामावर आणि पोरगी घरी असताना हा कुठे असतो, सगळं मी खोदून खोदून विचारायचे. पोरीला गच्चीवर नेऊन विचारायचे, "काका मारतात का गं? नको तसं जवळ घेतात का?" ती मान हलवून नाही म्हणायची. बहीण वैतागायची. "ताई, तू भेटायला येतेस की झडती घ्यायला?"

मग त्यांनी लग्न केलं. कोर्टात सह्या, बहिणीच्या गळ्यात मंगळसूत्र, मळ्यात चाळीस माणसांचं जेवण. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी माझा संशय ताप उतरावा तसा उतरला. मेथी थांबली, बेल थांबली. मीच पोरीला समजावलं, "आता काका नाही, पप्पा म्हणायचं." भाऊबंदांत कोणी विषय काढला की मी ताठ मानेनं सांगायचे, सगळं रीतसर झालंय.

दीडेक वर्षानं अधिक महिना आला. या महिन्यात आमच्याकडे जावयाला पुरणाचे धोंडे खायला बोलावतात आणि देवाच्या जागी बसवतात. आईनं आठवडाभर आधी तांदूळ भिजत घातले, तेहतीस अनारसे केले. पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात अनारशांवर तुपाचा दिवा. भर उन्हाळा होता, पंख्याखाली बसूनही घाम निथळत होता, आणि पोरगी मनगटापर्यंतच्या बाह्यांचा ड्रेस घालून त्याच्याशेजारी बसली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आईनं त्याला गंध लावलं, टोपी घातली. ती सारखी करायला त्यानं हात वर नेला, तशी पोरीनं दोन्ही हात डोक्यावर घेऊन अंग चोरलं.

सगळे हसले. तोही हसला. "फार भित्री आहे आमची," म्हणाला. मला हसू आलं नाही.

ताटं वाढेपर्यंत, हात धुवायच्या निमित्तानं, मी तिला मागच्या नळावर नेलं आणि तिची उजवी बाही वर केली. दंडावर पट्ट्याचे वळ होते. दोन पिवळे पडलेले, एक ताजा.

"पडले," ती म्हणाली.

मी नळ सोडला. तो तसाच चालू ठेवला. पाण्याच्या आवाजात पोरांना बोलायला बरं पडतं.

"वही विसरली की मारतात. पाढा अडला तरी."

"कधीपासून गं?"

"पप्पा झाल्यापासून." मग जरा थांबून म्हणाली, "आधी तू कधीपण यायचीस ना."

मी तिचा हात धरून स्वयंपाकघरात गेले आणि बहिणीला म्हटलं, "इकडे बघ." पुढचं काही सांगायच्या आत बहिणीनं, पोरीकडे न बघताच, हात पुढे करून ती बाही खाली ओढली. तिला सगळं माहीत होतं.

"शिस्त लावतात ते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "ताई, पाया पडते, काही बोलू नकोस. आत्ता कुठे लोक गप्प बसलेत."

त्या लोकांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. वर्षभर मला तिच्या गळ्यातली पोत दिसत नव्हती म्हणून मी तिच्या घरात डोकावत होते. ती दिसली आणि मी डोळे मिटून घेतले.

बाहेर पाहुण्यानं पहिला घास घेतला होता. मी गेले आणि त्याच्यापुढचं ताट उचललं.

"अगं ए, याड लागलं का तुला!" आई ओरडली. "घास हाय त्याच्या तोंडात! धोंड्याचा जावई हाय तो!"

"पोर आजपासून इथंच राहील," मी त्याला म्हणाले. "तुम्ही निघा. उद्या मी पोलीस चौकीत जाणार आहे."

तो चिडला नाही. टोपी काढून त्यानं शांतपणे गुडघ्यावर ठेवली आणि नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, "ताई, काय झालं? काही गैरसमज झालाय का?" सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. बहीण स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

तेव्हा पोरगी माझ्या मागून पुढे आली आणि तिनं आपली डावी बाही स्वतःच वर केली. त्या हाताकडे मी तोवर पाहिलंच नव्हतं.