त्याला मी ओळखलं

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात मी रेणापूरकडच्या एका बँकेत रोखपाल होतो. तो भर दुपारी आला. पांढरा सफारी, नीट पाडलेला भांग. रांगेतल्या एका म्हातारीला त्याने आधी फॉर्म भरून दिला, मग माझ्यासमोर येऊन पिस्तूल दाखवलं.

"साहेब, पिशवी भरा. घाई न्हाई."

इतक्या अदबीने माझ्याशी कोणताच खातेदार बोलला नव्हता. मी लगेच भरू लागलो.

तेवढ्यात जमीन हलली. काउंटरवरून उडी मारून मी सगळ्यांच्या आधी बाहेर! मागे वळून पाहिलं तर तो म्हातारीला दोन्ही हातांवर उचलून आणत होता. तिला लिंबाखाली बसवून तो परत आत गेला आणि पिशवी घेऊन आला. फटफटीला किक मारताना मला म्हणाला, "साहेब, दरोडा मी घातला, अन् पळालात तुम्ही!"

ही त्याची पाचवी बँक होती, हे पोलिसांनी नंतर सांगितलं.

पुढे तो नांदेडला सापडला. ओळख परेडीला म्हातारीला आणि मला बोलावलं. ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली. "ह्यो तर चांगल्या घरचा दिसतोय."

माझ्या दोन्ही बाजूंना हवालदार होते, म्हणून मी छाती काढून त्याच्याकडे बोट दाखवलं. तो हसला. "बरोबर हाय, साहेब."

बाहेर आल्यावर म्हातारीने मला थांबवलं. "साहेब, तुमी तर समद्यांच्या पुढं पळाले व्हते. तुमाला त्याचं तोंड दिसलं तरी कवा?"